पांढरं सोनं आणि बुरशीची चांदी

बडनेऱ्याच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा एखाद्या पोलिसाने माझी पिशवी तपासली असती, तर तो कोड्यात पडला असता. अक्कासाठी शेंगाचटणीचा डबा होता, कडक भाकऱ्यांची चवड होती, घडीची नवी सोलापुरी चादर होती. आणि या सगळ्यांच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळून, दोन मीटर साधं सुती कापड होतं. इस्पितळातल्या खाटेवर घालायच्या चादरीचा नमुना. रंग म्हणायला पांढरा, पण उजेडात धरला की किंचित पिवळसर झाक मारणारा. या कापडात चांदी आहे, असं मला सांगण्यात आलं होतं. ती खरोखरच आहे का, आणि असली तर किती दिवस टिकते, एवढंच पाहायला मी बहात्तराव्या वर्षी सोलापूरहून वऱ्हाडात आलो होतो.

आता हा उपद्व्याप मला कुणी सांगितला होता, ते आधी सांगायला हवं.

मी कापडातला माणूस. टॉवेल, चादरी आणि इस्पितळांना लागणारे पांढरे ताके यांत पंचेचाळीस वर्षं गेली. सूत चिमटीत धरलं की काउंट सांगत असे, आणि पोतावरून बोट फिरवलं की माग कुणाचा, तेही बहुधा सांगत असे. चार वर्षांपूर्वी आमच्या घरच्या मंडळींच्या खुब्याचं हाड मोडलं. एका मोठ्या शहरातल्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम झाली. पण सातव्या दिवशी टाक्यांतून पू येऊ लागला, आणि पंधरा दिवसांचा मुक्काम अडीच महिन्यांवर गेला. दोनदा जखम पुन्हा उघडावी लागली. त्या अडीच महिन्यांत रात्रीच्या रात्री मी खाटेशेजारच्या स्टुलावर काढल्या. अशाच एका रात्री, हाताला चाळा म्हणून मी चादरीची कड उलटून पाहिली. इस्पितळाच्या शिक्क्याखाली निळ्या शाईत आमच्याच पेढीचा छाप होता.

डॉक्टरांना विचारलं. भला माणूस होता. म्हणाला, "काका, जंतू कुठून आला हे सांगता येत नाही. हातांवरून येतो, नळ्यांवरून येतो, कित्येकदा तर पेशंटच्या स्वतःच्याच कातडीवर असतो. चादरीला एकटीला दोष देऊ नका." मी मान हलवली. पण पंचेचाळीस वर्षं ज्या मालाची वाखाणणी करत आलो, तो माल त्या रात्रीपासून मला पहिल्यासारखा हातात धरवेना. आमची मंडळी आता काठी घेऊन घरभर हिंडतात. छाप मात्र डोळ्यांपुढून गेलेला नाही.

पेढी आता पुतण्या पाहतो. गेल्या दिवाळीनंतर त्याच्याकडे एक एजंट आला. म्हणाला, चादरीला चांदीचं फिनिश देतो. जंतू टेकला की मेला. मीटरमागे थोडे पैसे वाढतील, पण इस्पितळं डोळे मिटून घेतील. पुतण्याने नमुना माझ्यापुढे टाकला. "काका, तुम्हीच ठरवा." मला त्यातलं काय कळणार? पण अक्काची नात अमरावतीला एम्‌.एस्‌सी. करते, आणि बुरशीपासून चांदीचे कण बनवते, एवढं अक्काच्या फोनवरून कानावर आलं होतं. तेव्हा मनात म्हटलं, चला. अक्काची भेटही होईल.

वाटेत पुण्याला एक रात्र भाच्याकडे काढली. त्याचं घर पाषाणच्या बाजूला. सकाळी फिरायला निघालो तर त्याने एका मोठ्या फाटकाकडे बोट दाखवलं. "मामा, तुम्ही ज्यासाठी अमरावतीला चाललात ना, त्याची सुरुवात इथं झाली." ती राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. १९५० साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं, हे माझ्या पिढीला ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते हे, की २००१ साली मुरली शास्त्री, अब्सार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथून जगाला एक गंमत कळवली. व्हर्टिसिलियम नावाची एक बुरशी त्यांनी चांदीच्या क्षाराच्या पाण्यात ठेवली. बुरशीचा रंग तपकिरी झाला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तिच्या पेशींच्या आत चांदीचे कण भरलेले! पण माल कोठीतच कोंडलेला. तो बाहेर कसा काढायचा? दोन वर्षांनी, २००३ साली, त्याच मंडळींनी दुसरी बुरशी घेतली. तिचं नाव फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम. ही बुरशी चांदी पोटात न ठेवता बाहेरच्या पाण्यातच घडवून देत होती. पाच ते पंधरा नॅनोमीटरचे कण, आणि तेही पाण्यात न बसणारे. फाटकाबाहेर उभा राहून मी जरा वेळ आत पाहिलं. आत झाडं होती आणि सायकलवरून जाणारा एक शिपाई. शोध लागतात त्या जागा बाहेरून नेहमीच अशा दिसतात.

रात्रीची गाडी पकडली. मनमाड, भुसावळ झोपेत गेलं. अकोल्याला जाग आली ती चहावाल्याच्या आरोळीने. समोर एक शेतकरी येऊन बसले होते. माझ्याहून थोडे लहान, गळ्यात पंचा, मांडीवर पिशवी. गाडी मूर्तिजापूरला थांबली तेव्हा त्यांनी खिडकीतून अरुंद रुळांकडे बोट केलं. ती शकुंतलेची वाट. यवतमाळ आणि अचलपूर या दोन टोकांकडून कापूस गोळा करून आणायला घातलेली छोटी गाडी. ती आता धावत नाही. रुळांवर गवत आहे.

पुढे काळ्या जमिनीची सपाटी लागली. पौषातले दिवस; तुरी कापणीला आलेल्या, कपाशीच्या झाडांवर शेवटच्या वेचणीची बोंडं, आणि मधूनमधून हरभऱ्याचे हिरवे चौकोन. त्या हिरव्यात जागोजाग थाळीएवढे, कुठे खळ्याएवढे वाळके डाग पडलेले. मी विचारलं, "पाणी कमी पडलं का हो?"

"पानी नाही, भाऊ. मर आहे ते." त्यांनी हाताने झाड कोलमडल्याचा आविर्भाव केला. "आज हिरवं दिसते, चार दिवसांनं पाहा तं मान टाकते. मुळाले चिरून पाहा, आतून काळं."

"औषध मारत नाही?"

"जमिनीतली बुरशी हाये ते. एकदा वावरात शिरली का मंग निघत नाही. माह्या एका तुकड्यात तीन वर्सं झाले हरबरा पेरलाच नाही मी."

"मग गेली असेल आता."

"कायची जाते बाप्पा! तिथंच हाये. आपली वाट पाह्यते."

आणि मग त्यांनी बुरशीचं नाव सांगितलं. कृषी केंद्राच्या माणसाने त्यांच्या वहीत लिहून दिलेलं होतं. वही पिशवीतच होती. पेन्सिलीने लिहिलेलं नाव: फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम. मी ते तीनदा वाचलं. पाषाणच्या फाटकाशी ऐकलेलं नाव भुसावळपलीकडच्या शेतकऱ्याच्या वहीत भेटेल, असं मला वाटलं नव्हतं. त्यांना सांगितलं की पुण्याच्या शास्त्रज्ञांनी ह्या बुरशीकडून चांदी करवून घेतली आहे. ते मोठ्याने हसले. "मंग माह्या वावरात तं खाणच हाये म्हणा की! या, घेऊन जा सारी."

बडनेऱ्याहून अमरावती दहा किलोमीटरांच्या आतबाहेर. रिक्षा कापसाच्या ट्रॅक्टरांच्या मागून रखडत गेली. ट्रॉलीवर जाळी बांधलेली, तरी कापूस उडतो तो उडतोच. रस्त्याकडेच्या बाभळींना, तारांना, दुकानांच्या पाट्यांना पांढरे पुंजके लटकलेले. कापसाला इकडे पांढरं सोनं म्हणतात. या गावाला एकदा खरोखरच त्याने सोनं दिलं. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि लँकेशायरच्या गिरण्यांच्या नजरा वऱ्हाडाकडे वळल्या. भाव चढले. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, पण तोवर पेठा उभ्या राहिल्या होत्या. त्याच्याही आधीचा, निजामाच्या अमदानीत पेंढाऱ्यांच्या भयाने बांधलेला परकोट अजून गावाला मिठी मारून आहे. जवाहर गेटच्या कमानीखालून रिक्षा, म्हशी आणि शाळकरी मुलं एकाच वेळी जाण्याचा प्रयत्न करतात आणि आश्चर्य म्हणजे जातात.

अक्काचं घर अंबापेठेत. लग्न होऊन आली तेव्हा ती सोलापूरचं बोलत होती. आता पक्की वऱ्हाडी झाली आहे. पहिल्याच जेवणाला म्हणाली, "थांब, सांभार टाकते वरून." मी सांबाराची वाट पाहत बसलो आणि तिने भाजीवर कोथिंबीर भुरभुरवली. इकडे कोथिंबिरीलाच सांभार म्हणतात. तिची सांबारवडी मी एकट्याने अर्धं ताट संपवली, हे डॉक्टरांनी वाचू नये.

दुसऱ्या दिवशी नातीबरोबर निघालो. तपोवनाच्या रस्त्यावर विद्यापीठाचं फाटक लागलं. "आजोबा, बुरशीच्या चांदीवर इथं फार काम झालंय," ती म्हणाली. महेंद्र राय आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या विद्यापीठातून एकामागून एक बुरशा तपासून त्यांच्याकडून चांदीचे कण करवून घेतले. त्यातली एक त्यांनी सडलेल्या आल्यावरून उचलली होती! आलं कुजलं की आपण नाक मुरडून उकिरड्यावर टाकतो. या लोकांनी ते काचेच्या बशीत जपून ठेवलं. माणसामाणसांत फरक असतो, तो असा.

रस्ता पुढे तपोवनाला जातो. डॉक्टर शिवाजीराव पटवर्धनांनी, ज्यांना सगळा वऱ्हाड दाजीसाहेब म्हणत असे, कुष्ठरोग्यांसाठी उभारलेली ही वसाहत. ज्या काळी जखम बांधायला कुणी पुढे येत नव्हतं, त्या काळी या माणसाने आपलं आयुष्य त्या जखमांपाशी मांडलं. रिक्षातूनच मी हात जोडले.

नातीचं महाविद्यालय साधंच आहे, प्रयोगशाळाही साधीच. चिनी मातीची बेसिनं, स्पिरिटचे दिवे, उबवणीची पेटी, आणि खिडकीत ओळीने चंबू. एका चंबूत बटाट्याच्या काढ्यावर बुरशी वाढलेली. पिंजलेला कापूस पाण्यात भिजवून ठेवावा, अगदी तशी दिसत होती. मी म्हटलं, "ही तर आपल्याच धंद्यातली दिसते!"

करणी ऐका. ही वाढलेली बुरशी गाळून घ्यायची, चांगली धुवायची, आणि नुसत्या शुद्ध पाण्यात एक-दोन दिवस ठेवायची. अन्न नाही, काही नाही. त्या उपाशी अवस्थेत ती आपल्या अंगातली काही प्रथिनं पाण्यात सोडते. मग बुरशी गाळून टाकायची आणि उरलेल्या पाण्यात चांदीचा क्षार, सिल्व्हर नायट्रेट, घालायचा. किती? लिटरला एका ग्रॅमचा जेमतेम सहावा हिस्सा. मतदानाच्या वेळी बोटाला लावतात त्या शाईत हाच क्षार असतो. म्हणून तर ती आठवडे निघत नाही. मग चंबू अंधारात ठेवायचा. सकाळी पाण्यासारखं निर्मळ होतं ते दुसऱ्या दिवशी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. चांदीचे कण तयार झाले, याची ती पहिली खूण.

"पण चहाच्या रंगाची चांदी कशी?"

"कण इतके बारीक असतात ना आजोबा, की प्रकाश त्यांच्याशी वेगळाच वागतो. चांदी चकचकते ती तिचा मोठा तुकडा असला तर."

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. दहा नॅनोमीटरचे कण घेतले तर केसाच्या जाडीवर सात-आठ हजार कण ओळीने बसतील. मला असली गणितं कापडात मोजल्याशिवाय पटत नाहीत, म्हणून नातीला कागद-पेन्सिल घ्यायला लावली. एक तोळा चांदी. तिचे सगळे दहा नॅनोमीटरचे गोळे केले, आणि त्या सगळ्या गोळ्यांचा वरचा पृष्ठभाग एकत्र पसरला, तर किती होईल? तिने बराच वेळ खाडाखोड केली आणि उत्तर दिलं: साडेसहाशे चौरस मीटरांवर. म्हणजे मीटरभर पन्ह्याचे, वीस-वीस मीटरांचे तेहतीस ताके! एका तोळ्यात! आणि चांदीचं काम चालतं ते या पृष्ठभागावरूनच. तिथून चांदीचे भारित अणू हळूहळू सुटतात, जंतूच्या प्रथिनांतल्या गंधकाला जाऊन चिकटतात, त्याचं कवच बिघडवतात, आतला कारभार बंद पाडतात. हा गुण जुनाच आहे. १८८१ साली क्रेडे नावाच्या जर्मन डॉक्टरने नवजात बाळांच्या डोळ्यांत चांदीच्या क्षाराचा थेंब घालून कित्येकांची दृष्टी वाचवल्याचं लिहिलं. भाजलेल्या जखमेवरचं चांदीचं पांढरं मलम १९६८ पासून आहे. नवं आहे ते बारीक करणं, आणि ते बुरशीकडून करवून घेणं.

"रसायनांनी होत नाही का हे?"

"होतं, आणि लवकर होतं. पण त्याला कडक रसायनं लागतात, आणि कण एकमेकांना चिकटून गोळा होऊ नयेत म्हणून वरून आणखी काही घालावं लागतं. बुरशीचं प्रथिनच कणांवर पापुद्र्यासारखं बसतं. नुसतं पाणी, घरातली ऊब, आणि थोडा धीर."

बुरशी हे का करते, याचं एक उत्तर असं देतात, की तिच्याकडे नायट्रेट पचवायचं एक विकर असतं आणि त्याच झटापटीत चांदीच्या क्षाराला ते धातूत परतवतं. हरभऱ्याचं मूळ कुजवणारी आणि चंबूत चांदी घडवणारी ही एकाच नावाची मंडळी. जाती तेवढ्या वेगळ्या. कुणी हरभऱ्याच्या वाटेला जाते, कुणी कपाशीच्या, कुणी केळीच्या. गाडीतल्या शेतकऱ्याची मला फार आठवण झाली.

मग माझं कापड बाहेर निघालं. नातीने त्याच्या रुपयाएवढ्या चकत्या कापल्या. पैकी एक कोरी ठेवली. बाकीचं कापड तिने माझ्या हातात परत दिलं. "आता हे धुवायचं. तीनदा धुऊन एक चकती, सहादा धुऊन एक, दहादा धुऊन एक." ते काम अक्काने उत्साहाने अंगावर घेतलं. धुण्याचा दगड, धोपाटणं, सोडा आणि ऊन पाणी. "इस्पितळातली चादर आहे ना? मग तशीच चुबकायला हवी," असं म्हणून ती जी तुटून पडली, ती पाहून चांदीचीच मला कीव आली. दिवसाला दोन धुणी याप्रमाणे पाच दिवस हा यज्ञ चालला.

जंतू कोणता वापरणार, ते नातीने सांगितलं तेव्हा मी गप्प झालो. स्टॅफिलोकोकस ऑरियस. ऑरियस म्हणजे सोनेरी. बशीत वाढला की त्याचे ठिपके सोनसळी दिसतात, म्हणून १८८४ साली रोझेनबाख या जर्मनाने त्याला हे नाव दिलं. आमच्या मंडळींच्या कागदांवर, तपासणीच्या तक्त्यात, लाल शाईने अधोरेखित केलेलं नाव हेच होतं. त्या अडीच महिन्यांत मी ते पाठ केलं होतं. त्याला मी पहिल्यांदाच पाहिलं: जाडसर काचेआडचे इवले, गोल, पिवळे ठिपके. इतके नीटनेटके, की पुरणावर केशराचे थेंब पडावेत.

चकत्या बशीत ठेवल्या. रात्र गेली. सकाळी आम्ही तिघं, म्हणजे मी, नात आणि हट्टाने आलेली अक्का, उबवणीच्या पेटीपुढे उभे. कोऱ्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ होतं. तिथं जंतू वाढलाच नव्हता. म्हणजे एजंट खोटं बोलत नव्हता, चांदी होती. तीन धुण्यांच्या चकतीभोवतीचं वर्तुळ निम्मं. सहा धुण्यांच्या भोवती सुताएवढी रेघ. दहा धुण्यांच्या चकतीला तर जंतू अगदी कडेपर्यंत येऊन भिडले होते.

"गेली म्हणायची चांदी," अक्का म्हणाली.

नात मात्र सावध पोरगी आहे. म्हणाली, वर्तुळ नाही याचा अर्थ चांदी बाहेर झिरपत नाही एवढाच. कापडाला टेकलेला जंतू अजून मरतही असेल. त्यासाठी जंतू मोजावे लागतील. ते तिने नंतर मोजले. दहा धुण्यांनंतर निम्म्याहून जास्त जिवंत होते.

हे फक्त माझ्याच नमुन्याचं नाही. २००८ साली अमेरिकेत ॲरिझोनाच्या दोघा संशोधकांनी बाजारातले चांदीचे मोजे आणून नुसते पाण्यात घुसळले. काही मोज्यांतली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांत गेली, काहींतली मुळीच हलली नाही. सगळा खेळ ती धाग्याला कशी बांधली यावर. २०१० साली इजिप्तमधल्या शास्त्रज्ञांनी बुरशीच्याच चांदीने सुती कापड माखलं. वीस धुण्यांनंतर त्याची मारकशक्ती निम्म्याच्या आसपास आली. पण चांदीबरोबर चिकटवणारं बाइंडर घातलं तेव्हा ती बरीचशी टिकली. धंद्यातल्या माणसाला हे लगेच समजतं. रंग पक्का की कच्चा, हाच तो प्रश्न. आम्ही आयुष्यभर तोच विचारत आलो.

आणि जी निघाली ती जाते कुठे? हा प्रश्न मला सुचला नव्हता, नातीने विचारला. मोरीतून गटारात, गटारातून नदीत. तिथं घाण कुजवणारे उपयोगी जंतूही असतात, आणि चांदी माणसं पाहून मारत नाही. शिवाय सतत थोडीथोडी चांदी मिळत राहिली तर जंतू तिला सरावतात; १९७५ सालीच बोस्टनच्या एका इस्पितळातल्या भाजलेल्यांच्या वॉर्डात चांदीला दाद न देणारा जंतू सापडल्याचं प्रसिद्ध झालं होतं. ब्राझीलमध्ये काम्पिनासच्या विद्यापीठात नेल्सन दुरान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र हा विचार आधीच केला होता. २००७ साली त्यांनी बुरशीची चांदी सुती कापडावर बसवली, तिने हाच सोनेरी जंतू मारून दाखवला, आणि मग कापड धुतलेलं पाणी फेकून न देता एका जांभळ्या रंगाच्या जंतूकडून त्यातली चांदी टिपून घेतली. अमरावतीच्या राय यांनी या दुरान यांच्याबरोबर पुष्कळ लिहिलं आहे. कुठे काम्पिनास, कुठे तपोवनाचा रस्ता!

शेवटच्या दिवशी गाडगेनगरला गेलो. बाबांची समाधी तिथं आहे. देबूजी झिंगराजी जाणोरकर. याच जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली परिटाच्या घरी जन्मले, आणि २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ, मोटारीतून अमरावतीकडे येताना वाटेतच गेले. ज्या विद्यापीठातून बुरशीच्या चांदीवर एवढं लिहिलं गेलं, त्याला आज त्यांचंच नाव आहे. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, कीर्तन मग. अक्काच्या सासऱ्यांनी त्यांना पाहिलं होतं. अक्का सांगत होती, त्या चिंध्या फाटक्या असत, पण धुतलेल्या असत. परिटाचा मुलगा होता तो. मी समाधीपुढे बसलो, आणि मनात उगाच हिशेब चालला होता, की आमच्या पेढीने पंचेचाळीस वर्षांत किती चादरी विकल्या, आणि त्या पुढे कुणी, कुठल्या पाण्यात, किती वेळ धुतल्या, हे मी एकदा तरी कुणाला विचारलं होतं का. नव्हतं विचारलं. माल दारातून गेला की आमचा संबंध संपत असे.

बाहेर आल्यावर नातीने मला गिला वडा खाऊ घातला. दह्यात बुडालेला असतो. उत्तम असतो.

परतीच्या गाडीत, बडनेरा सुटल्यावर, पुतण्यासाठी पोस्टकार्डावर चार प्रश्न लिहिले. फोन असताना पोस्टकार्ड कशाला, असं तो म्हणणारच होता. पण लिहिलेलं फिरवता येत नाही. एक, चांदी धाग्याला कशाने बांधली आहे? दोन, उकळत्या पाण्यात आणि ब्लीचमध्ये किती धुणी टिकते, आणि ते कुणी मोजलं? तीन, दर मीटरला चांदी किती? चार, धुतलेलं पाणी कुठे जातं? एजंटाने पहिल्या तिन्हींची उत्तरं पंधरा दिवसांनी पाठवली. त्यांतलं दुसरं गोलमाल होतं. चौथ्यावर त्याने लिहिलं, की हा प्रश्न आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाने विचारलेला नाही.

घरी पोचलो तेव्हा उरलेला कापडाचा तुकडा आमच्या मंडळींनी पिशवीतून काढला. काठी भिंतीला टेकवून त्या खिडकीपाशी गेल्या आणि उजेडात धरून पाहू लागल्या.

"अहो, हे पिवळट आहे."

"चांदीमुळे. बारीक केली की तिचा रंग असाच येतो." मी नातीचं सगळं शास्त्र त्यांना ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"ते असेल. पण चादर पांढरीच हवी," त्या म्हणाल्या. "त्या सातव्या दिवशी मला दुखलं नव्हतं काही. सकाळी कूस वळले तर चादरीवर पिवळा डाग दिसला, म्हणून नर्सला हाक मारली."

चार वर्षांत हे त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं. मी पुतण्याला फोन लावला.